१९९८ ची प्यूजो ३०६ जीटीआय-६ मिळतेय, ७,९९५ पाउंड सांगतोय, घ्यावी का?

स्लाउकर
नमस्कार मंडळी, इथे यूकेतले बरेच जण आहेत आणि त्यातले काही पक्के गाडीवेडे आहेत हे जुन्या धाग्यांवरून माहितीये, म्हणून थेट विचारतो. एक प्यूजो ३०६ जीटीआय-६, म्हणजे ३०६ हॅचबॅकची सहा गिअरची वेगवान आवृत्ती, विकायला आहे. १९९८ ची, आर रजिस्ट्रेशन, म्हणजे फेसलिफ्टनंतरची, निळा रंग, ६१ हजार मैल, दोनच मालक आणि आत्ताचा मालक २००३ पासूनचा. जाहिरातीत लिहिलंय की गाडी कायम गॅरेजमध्ये असायची, पावसात फारशी काढली नाही, सगळं ओरिजिनल, चाकं तीच पंधरा इंची सायक्लोन, रेडिओ-कॅसेटसुद्धा कंपनीचाच, फुल सर्व्हिस हिस्टरी आणि बिलांची जाडजूड फाइल. फोटो बघून वेड लागायची पाळी आलीये. ड्रायव्हर सीटची दाराकडची कड, जिथे चढता-उतरता घासून लेदरची पार वाट लागलेली असते, ती शाबूत दिसतेय.

किंमत ७,९९५ सांगतोय, फोनवर बोलण्यावरून वाटलं की थोडं खाली येईल. गाडी श्रॉपशरमध्ये आहे, मी स्लाउला. रोजच्याला हायब्रिड कोरोला आहे त्यामुळे ही फक्त रविवारी सकाळी आणि अधूनमधून वेल्सच्या बाजूला फिरवायला. पान्याशी माझा संबंध स्टेपनी बदलण्यापुरता, तोही रडतखडत. बायको म्हणते आठ हजारात किचनचा ओटा नवा होतो, आणि तिचंही काही चूक नाही.

तर एवढे पैसे द्यावेत का, बघायला गेलो तर नेमकं काय बघू, आणि याच बजेटमध्ये दुसरं काही असेल तर तेही सांगा. रेनॉची क्लिओ विल्यम्स मनात होती पण तिच्या किमती बघून ब्राउझर बंद केला.

डबल_डेकर
फोटो कुठायत राव? फोटोशिवाय गाडीचे धागे काढायला बंदी करा कुणीतरी.

तेलकट_हात
स्लाउकर, तुम्ही जे लिहिलंय त्यातलं बहुतेक सगळं दिसण्याबद्दल आहे. सीट, चाकं, रेडिओ, रंग. हे सगळं छान असणं चांगलंच, पण ३०६ मध्ये पैसे खाणाऱ्या जागा फोटोत येत नाहीत. मी कॉव्हेंट्रीत असते, पोटपाणी गाड्यांवरच चालतं आणि घरी एक प्यूजो १०६ पाळलेली आहे, त्यामुळे या खानदानाची खोड चांगली माहितीये.

पहिली जागा मागचा बीम, म्हणजे मागची दोन चाकं ज्याच्यावर बसतात तो आडवा सांगाडा. या गाड्यांना मागे कॉइल स्प्रिंग नसतात, आडव्या नळीत टॉर्शन बार (पीळ घेऊन स्प्रिंगचं काम करणारे दांडे) असतात आणि दोन्ही बाजूंचे ट्रेलिंग आर्म त्या नळीच्या टोकाला शाफ्टवर फिरतात. त्या शाफ्टवर नीडल बेअरिंग असतात, त्यांचं सील गेलं की पाणी आत जातं, बेअरिंग गंजतात, मग सुया शाफ्टलाच खायला लागतात. सुरुवातीला फक्त करकर आवाज येतो, स्पीड ब्रेकरवरून जाताना मागच्या सीटवर बसलेल्याला आधी कळतो. पुढे चाकं वरच्या बाजूने आत झुकायला लागतात. बघायचं कसं तर गाडी सपाट जागी उभी करायला सांगा, मागे पंधरा-वीस पावलं जाऊन उकिडवे बसा आणि दोन्ही मागची चाकं निरखून बघा. थोडा झुकाव कंपनीचाच असतो, पण एक चाक सरळ आणि दुसरं कललेलं दिसलं की समजायचं त्या बाजूचा आर्म गेला. रिपेअर केलेला बीम बदलीवर देणारे स्पेशालिस्ट इथे आहेत, काही शे पाउंडांचं काम आहे, जगबुडी नाही, पण ते पैसे किमतीतून आधी वजा करायचे.

दुसरं टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनातल्या व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा ताळमेळ राखणारा पट्टा. त्याचं वय मैलांवर मोजू नका, वर्षांवर मोजा. रबर आहे ते, गाडी उभी असली तरी म्हातारं होतं. पाच-सहा वर्षांपेक्षा जुना असेल तर बदलायचाच, विकणारा काहीही म्हणो. बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि मग इंजिन उघडायचा खर्च गाडीच्या किमतीच्या गावात जातो. आणि फाइल जाड आहे म्हणून खूश होऊ नका, फाइलमध्ये बेल्टचं बिल शोधा. टेन्शनर, वॉटर पंप सगळं एकदम बदललंय का तेही बघा.

तिसरं, गाडीचा नंबर घेऊन सरकारी साइटवर एमओटी (दरवर्षीची सक्तीची गाडी तपासणी) हिस्टरी काढा. फुकट आहे, नुसता नंबर लागतो, २००५ पासूनचं सगळं दिसतं. दरवर्षीचे मैल, नापास कशात झाली, ॲडव्हायजरी, म्हणजे पास करतानाच दिलेल्या सूचना, काय होत्या. ते आधी काढून इथे टाका, मग पुढचं बोलू.

हॅरोचा_हरी
तेलकट_हात यांना +१, फक्त मी जरा थंड पाणी ओततो.

यूलेझचा, म्हणजे जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांना लंडनमध्ये भरावा लागणाऱ्या रोजच्या शुल्काचा, विचार केलाय का? सूट हवी तर पेट्रोल गाडीला युरो ४ हा धुराचा निकष लागतो, ही १९९८ ची म्हणजे प्रश्नच नाही, रोजचे साडेबारा पाउंड. ऑगस्ट २०२३ पासून लंडनचे सगळे बरो त्यात आहेत. स्लाउ बाहेर आहे हे खरं, पण तुमच्या दारापासून दोन पावलांवर हद्द सुरू होते. हीथ्रोला पाहुण्यांना आणायला गेलात की साडेबारा, गणपतीला डॉलिस हिलला महाराष्ट्र मंडळात गेलात की साडेबारा. चाळीस वर्षांची झाली की हिस्टॉरिकमध्ये सूट मिळते, म्हणजे २०३८ पर्यंत थांबा. बर्मिंगहॅमच्या मधल्या भागातही आठ पाउंडांचा झोन आहे, श्रॉपशरहून येताना चुकून आत शिरू नका.

रोड टॅक्स, मार्च २००१ च्या आधीच्या गाड्यांना इंजिनच्या साइझवर लागतो आणि १५४९ सीसीच्या वर गेलं की जास्तीचा दर, ही दोन लिटरची, वर्षाला साडेतीनशेच्या आसपास धरा. पेट्रोल साधं टाकू नका, सप्टेंबर २०२१ पासून साधं ९५ म्हणजे ई१०, एवढ्या जुन्या गाडीच्या रबरी नळ्यांना दहा टक्के इथेनॉल झेपेलच असं नाही, सुपर अनलेडेडच टाकायचं, ते लिटरमागे बरंच महाग.

माझं विचाराल तर याच पैशात २०१३ नंतरची फिएस्टा एसटी बघा. १८० च्या वर हॉर्सपॉवर, टर्बो, एअरबॅग भरपूर, यूलेझ पास, पार्ट कुठेही मिळतात. ही ३०६ म्हणजे १६७ हॉर्सपॉवर आणि सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचं वायरिंग.

डबल_डेकर
हरीभाऊ तुम्ही लग्नात जाऊन घटस्फोटाचे कायदे सांगता का हो?

स्लाउकर
हरीभाऊ, यूलेझचं डोक्यात होतं, लंडनमध्ये ट्रेनने जातो तसंही. फिएस्टा एसटी चालवलीये मित्राची, चांगलीच पळते, पण तिच्यासाठी बायकोशी भांडावंसं वाटत नाही.

तेलकट_हात, एमओटी काढली. २००५ ते २०१२ दरवर्षी पास, मैल वर्षाला दोन-अडीच हजारांनी वाढत गेलेत. २०१२ नंतर थेट २०१९. मधे काहीच नाही. २०१९ ला आधी नापास, मागचे ब्रेक एका बाजूला धरत नव्हते आणि दोन ब्रेक पाइप गंजलेले, मग आठवड्याभरात पास. त्यानंतर दरवर्षी पास, वर्षाला पाचशे-सातशे मैल. गेल्या दोन वर्षांची ॲडव्हायजरी एकच, मागच्या टायरच्या बाजूला बारीक भेगा. विकणाऱ्याला विचारलं तर म्हणाला मधली सात वर्षं गाडी सॉर्न करून (रस्त्यावर नाही असं सरकारला कळवून) गॅरेजमध्ये झाकून ठेवली होती, काहीतरी घरगुती कारण होतं, मी खोदून विचारलं नाही.

हे चांगलं की वाईट?

तेलकट_हात
दोन्ही. चांगलं हे की मैल खरे आहेत, आकडा कुठे मागे गेलेला नाही आणि गॅपचं कारण त्याने न लपवता सांगितलं. वाईट हे की सात वर्षं उभी राहिलेली गाडी ही कमी चाललेली गाडी नसते, ती वेगळ्या पद्धतीने झिजलेली असते. ब्रेकचे कॅलिपर जाम होतात (तेच २०१९ ला दिसलंय), कूलंट आतून ॲल्युमिनियम खातं, टाकीतलं पेट्रोल शिळं होऊन इंजेक्टरला थर धरतो, सस्पेन्शनचे बुश एकाच जागी दबून कडक होतात. आणि बीमच्या सीलला न हलणंच सगळ्यात जास्त बाधतं. नव्वद हजार मैल झालेली पण दरवर्षी नेमाने चाललेली आणि दर पाच वर्षांनी बेल्ट झालेली गाडी आली तर मी डोळे झाकून ती घेईन. जाहिरातीत मात्र ६१ हजार हा आकडा मोठ्या अक्षरात येतो आणि गिऱ्हाईक तिथेच पाघळतं.

बघायला जाल तेव्हा आधी फोन करून सांगा की इंजिन गरम करून ठेवू नका. पोचल्या पोचल्या बॉनेटवर हात ठेवा, कोमट जरी लागलं तरी विचारा का. थंड इंजिन सुरू होताना जे बोलतं ते गरम झाल्यावर बोलत नाही. मग पूर्ण तापेपर्यंत चालू ठेवून रेडिएटरचा पंखा लागतो का बघा. पॅसेंजरच्या पायाखालचं कार्पेट दाबून बघा, ओलं किंवा चिकट लागलं आणि गोडसर वास आला तर हीटर मॅट्रिक्स (केबिन गरम करणारा छोटा रेडिएटर) गळतोय, त्याच्यासाठी डॅशबोर्ड काढावा लागतो, काम नाजूक आणि मजुरी भरपूर. गिअर टाकताना लिव्हर खिचडीत फिरवल्यासारखा वाटला तर घाबरू नका, बहुतेक वेळा लिंकेजचे जॉइंट झिजलेले असतात, स्वस्तातलं काम आहे. पण दुसऱ्यातून तिसऱ्यात जोरात टाकताना खर्र झालं तर गिअरबॉक्सच्या आतले सिंक्रो गेले, ते स्वस्त नाही.

टायरवर चार आकडे असतात बघा, लंबगोलात. पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. ते चारही टायरचे लिहून आणा.

कल्याणचा_जुना
धागा वाचून राहवलं नाही म्हणून लॉगिन केलं. प्यूजो म्हटलं की आम्हा कल्याण-डोंबिवलीकरांना वेगळंच काहीतरी होतं. ९४ च्या सुमाराला प्रीमियरने आमच्याकडच्याच कारखान्यात प्यूजो ३०९ काढायला सुरुवात केली होती, पीएएल-प्यूजो. पेट्रोल १.४ आणि डिझेल दीड लिटरचं. आमच्या बाबांनी पांढरी पेट्रोल घेतली, कॉलनीत तोवर पद्मिनी आणि मारुतीच होत्या त्यामुळे पहिले पंधरा दिवस येणारा-जाणारा थांबून बघायचा. त्या गाडीची चाल काय होती हो, खड्ड्यातून जाताना आतल्या माणसाला पत्ता लागायचा नाही, मागचं सस्पेन्शन तुम्ही वर सांगताय तसंच, टॉर्शन बारचं. पुढे कारखान्यात संप झाला, फ्रेंच भागीदार बाहेर पडले आणि दशक संपायच्या आत सगळा खेळ आटोपला.

गंमत म्हणजे त्याच ३०९ ची इंग्लंडात जीटीआय होती, २०५ जीटीआयचंच १.९ चं इंजिन, १३० हॉर्सपॉवर. आम्हाला हे तेव्हा माहीतच नव्हतं. आम्ही आपले १.४ मध्ये खूश.

एक शंका आहे, ३०९ जुनी आणि ३०६ नवी हे उलटं कसं? आकडा तर वाढायला हवा ना.

तेलकट_हात
कल्याणचे काका, कारण ३०९ मुळात प्यूजो म्हणून जन्मालाच आली नव्हती. ती टॅल्बोट या प्यूजोच्याच दुसऱ्या ब्रँडच्या नावाने येणार होती, ॲरिझोना असं तिचं नाव ठरलं होतं. मग टॅल्बोट हे नाव कारवरून काढून टाकायचं ठरलं आणि तीच गाडी १९८५ मध्ये प्यूजोचा बिल्ला लावून आली. ३०५ अजून चालू होती, ३०६ हा आकडा तिच्या खऱ्या वारसासाठी राखून ठेवायचा होता, म्हणून हिला रांग सोडून ३०९. ती इथेच रायटनला बनायची, आमच्या घरापासून जवळच, नंतर ३०६ पण तिथे बनली. आता कारखाना नाही, २००६ च्या शेवटाला बंद पडला, आमच्याकडच्या जुन्या लोकांसमोर विषय काढला की तास जातो.

पुणे_तीस
यूकेतली गाडी परत येताना पुण्याला आणता येईल का? म्हणजे राइट हँड ड्राइव्ह तर आहेच. इथे आम्ही नव्वदीत झेनला हॉट हॅचबॅक समजून उडवायचो, ९९३ सीसी आणि ५० हॉर्सपॉवर 😀 कात्रज बोगद्याच्या चढाला एसी बंद करावा लागायचा.

हॅरोचा_हरी
नाही येणार. वापरलेली गाडी आणायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही, आणि वर ड्यूटी एवढी की गाडीची किंमत दुपटीच्या वर जाते. स्लाउकरांनी घेतली तर ती इथेच जगणार, इथेच मरणार. तुम्ही झेनच सांभाळा, पुढेमागे तिलाही भाव येईल.

बरं, आणि क्लिओ विल्यम्स बजेटबाहेर आहे म्हणून हळहळताय त्यांच्यासाठी. १९९३ ची ती गाडी रेनॉने ठरावीक संख्येतच काढणार म्हणून सांगितलं, डॅशबोर्डवर नंबरची पट्टी लावली, लोकांनी दुर्मिळ म्हणून उड्या मारल्या आणि मग खपतेय म्हटल्यावर कंपनीने विल्यम्स २ काढली, नंतर ३ पण. पहिल्यावाल्या मालकांचा संताप झाला होता. तेव्हा दुर्मिळ, लिमिटेड वगैरे शब्दांना पैसे मोजू नका. तुमच्या ३०६ चीच एक रॅली म्हणून आवृत्ती होती, साधारण पाचशे गाड्या, इंजिन तेच, एसी आणि पॉवर विंडो काढून टाकलेल्या, आणि नवीन असताना ती जीटीआय-६ पेक्षा स्वस्त होती. आज कमी मिळालेल्या गाडीला लोक जास्त पैसे देतात.

तेलकट_हात
हरीभाऊ, इथे मी तुमच्याशी भांडणार. रॅलीला लोक पैसे देतात कारण ती हलकी आहे, नुसती दुर्मिळ म्हणून नाही. आणि तुमची फिएस्टा एसटी चांगलीच गाडी आहे, पण ज्याला जीटीआय-६ चालवायचीये त्याला तिचा हॉर्सपॉवरचा आकडा दाखवून उपयोग नाही.

जीटीआय-६ चं इंजिन १९९८ सीसी, टर्बो नाही, व्हेरिएबल व्हॉल्व्ह टायमिंग पण नाही. साडेचार हजारांच्या खाली ते चांगल्या घरातलं शांत पोर आहे, त्याच्या वर गेलं की आवाज बदलतो आणि साडेसहा हजारांला पूर्ण ताकद. मग सहा गिअर का दिले, तर सहावा हायवेवर पेट्रोल वाचवायला दिलेला नाहीये, सगळे गिअर जवळजवळ ठेवायला दिलाय, म्हणजे वर टाकलं तरी इंजिन त्या गमतीच्या पट्ट्यातच राहतं. त्याची किंमत मोटरवेवर मोजावी लागते, सत्तरला साडेतीन हजारांच्या आसपास आरपीएम, एम४० ला तासभर गुणगुण ऐकायची तयारी ठेवा.

आणि खरी मजा चेसिसची. ते सुंदर शरीर जाऊ दे, मागचा बीम ज्या रबरी माउंटवर बसतो ते मुद्दाम असे केलेत की वळणात भार आला की मागची चाकंही किंचित वळतात. वळणाच्या मध्यावर ॲक्सिलरेटरवरून पाय अलगद काढला की गाडीचं नाक आत येतं. अलगद म्हणतेय, झटक्यात काढला आणि रस्ता ओला असला तर मागचा भाग पुढे यायला बघतो, आणि त्या काळच्या या गाडीत स्टॅबिलिटी कंट्रोल नाही. त्याच वर्षांतली गोल्फ जीटीआय, तिसऱ्या पिढीची, आठ व्हॉल्व्हची ११५ हॉर्सपॉवरची, तीही चालवून बघा म्हणजे जीटीआय हा बिल्ला लावून किती निवांत गाडी विकता येते ते कळेल.

स्लाउकर, म्हणून बीमचा एवढा घोष लावलाय मी. बीम गेलेली ३०६ म्हणजे नुसता एक जुना फ्रेंच डबा, फक्त चकाचक पॉलिश केलेला.

गुपचूप_वाचक
तेलकट_हात ताई, तुम्ही स्वतंत्र लेखमाला का लिहीत नाही?

स्लाउकर
मंडळी, काल जाऊन आलो. मोठं लिहितोय, सांभाळून घ्या.

माणूस सत्तरीच्या पुढचा, सज्जन, चहा दिला. इंजिन थंड होतं, हात लावून बघितलं. पहिल्या झटक्यात सुरू, दोन-चार सेकंद टकटक आणि मग गप्प. पंखा लागला. कार्पेट कोरडं. रंग खरंच अप्रतिम, पण पुढच्या डाव्या फेंडरचा निळा दरवाजाच्या निळ्यापेक्षा एक छटा वेगळा वाटला, विचारलं तर म्हणाला २००८ ला सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये कुणीतरी घासून गेलं होतं, बिल फाइलमध्ये होतं. गाडीचा इतिहास पैसे भरून तपासला, फायनान्स नाही, राइट-ऑफ (अपघातानंतर विमा कंपनीने निकालात काढलेली) नाही. लॉगबुकवर नाव त्याचंच, त्याने स्वतः घेतली तेव्हाची पावतीही मागून बघितली, कारण लॉगबुक (व्ही-फाइव्ह-सी) म्हणजे मालकीचा पुरावा नाही हे तेवढं मला माहीत होतं. किल्ल्या दोन्ही आहेत.

टायर. पुढचे दोन्ही ०८१९. मागचे ४१०९, म्हणजे २००९ चे! नक्षी भरपूर शिल्लक, चार-पाच मिलिमीटर सहज, आणि बाजूला नखाने उकरलं तर भेग उघडतेय. एमओटीवाल्याने लिहिलेलं तेच.

मग पंधरा-वीस पावलं मागे जाऊन उकिडवा बसलो. म्हातारबाबांची शेजारीण खिडकीतून बघत होती, तिला काय वाटलं असेल देव जाणे. उजवं चाक सरळ, डावं वरून आत कललेलं. फार नाही पण एकदा दिसल्यावर दिसतच राहतं. चालवताना मी मागे बसलो आणि त्यांना चालवायला लावलं, त्यांच्या गल्लीत दोन स्पीड ब्रेकर आहेत, दोन्हीवर डावीकडून करकर. त्यांनी ते मान्य केलं, म्हणाले मला वाटायचं सीटचा आवाज आहे.

फाइल. तासभर बसून एकेक कागद उलटला. २०१९ चं बिल मोठं आहे, ब्रेक पाइप, कॅलिपर, कूलंट, ऑइल, पुढचे टायर, बॅटरी. बेल्ट नाही. मागे मागे जात राहिलो, बेल्टचं शेवटचं बिल निघालं २०१० चं. त्यांना स्वतःलाच धक्का बसला, त्यांची समजूत २०१९ ला झाला अशीच होती. जाहिरातीतलं 'फुल सर्व्हिस हिस्टरी' खोटं नाही, फक्त ती कुणी वाचली नव्हती.

चालवली मी वीसेक मिनिटं, बेल्ट कळायच्या आधी, जास्त ताणली नाही. तरीसुद्धा तिसऱ्यात एकदा पाच हजारांपर्यंत नेली. त्याबद्दल इथे काही लिहीत नाही, बायको हा धागा वाचते.

तर हिशोब असा की बीम, बेल्टचं पूर्ण किट पंपासकट, मागचे दोन टायर आणि हवं तर कूलंट-नळ्या. एका स्पेशालिस्टला फोन करून अंदाज घेतला, सगळं मिळून पंधराशेच्या आत-बाहेर म्हणाला. मी साडेसहा हजार म्हणालो. ते म्हणाले सात. विचार करून सांगतो म्हणून निघालो, त्यांनी आठवडाभर कुणाला दाखवणार नाही असं सांगितलंय.

हॅरोचा_हरी
६,७५० ला तोडा आणि घ्या. हो, मीच म्हणतोय. जो विकणारा स्वतःच्या विरुद्ध जाणारं बिल तुमच्या हातात देतो आणि बसून चहा पाजतो, त्याची गाडी घ्यावी. बाजारात याच किमतीला 'आत्ताच बेल्ट केलाय, बिल हरवलं' वाले डझनभर आहेत.

इन्शुरन्स मात्र नेहमीच्या कंपन्यांच्या साइटवर नुसता नंबर टाकून काढू नका. क्लासिक पॉलिसी घ्या, वर्षाला तीन-चार हजार मैलांची मर्यादा टाकून, दुसरी रोजची गाडी आहे ते सांगा, हप्ता बराच खाली येतो. आणि ॲग्रीड व्हॅल्यू, म्हणजे गाडीची आधीच ठरवलेली किंमत, लिहून घ्या, त्यासाठी फोटो आणि बिलं मागतात, ती फाइल तिथे उपयोगी पडेल. नाहीतर कुणी ठोकली तर जुनी प्यूजो म्हणून हजार पाउंड हातावर ठेवतील.

कल्याणचा_जुना
घ्या हो घ्या. ओटा पुढच्या वर्षी.

सौ_स्लाउकर
काका, तुम्ही मधे पडू नका 🙂 ओटा याच वर्षी, हे ठरल्यावरच यांना श्रॉपशरला सोडलं होतं.

तेलकट_हात
वहिनी, तुम्हाला दंडवत.

स्लाउकर, किंमत ठीक आहे, सातला गेली तरी मी नाही म्हणणार नाही, गाडीचं अंग चांगलं आहे आणि जे बिघडलंय ते सगळं नट-बोल्टने सुटणारं आहे. फक्त एक ऐका, २०१० च्या बेल्टवर ती श्रॉपशरहून स्लाउपर्यंत चालवत आणू नका. तीन तास मोटरवे, तोही साडेतीन हजार आरपीएमवर, आणि मागे सोळा वर्षं जुने टायर. म्हातारबाबांनी गावात पाचशे-सातशे मैल हळूहळू चालवली म्हणून तो टिकला. ट्रेलरवर किंवा रिकव्हरीवाल्याकडून थेट स्पेशालिस्टच्या दारात उतरवा, बेल्ट आणि बीम तिथेच होऊ दे, मग तिथून चालवत घरी आणा. बीम बदलताना त्याला सांगा की हँडब्रेकच्या केबल आणि मागचे ब्रेक पाइप पण बघून घे, नाहीतरी ते सगळं सोडवावं लागतंच, मजुरी एकदाच पडेल.

स्लाउकर
६,८०० ला ठरलं. रिकव्हरीवाला शनिवारचा मिळालाय, दोनशे वीस मागतोय. स्पेशालिस्टकडे पुढच्या गुरुवारचा नंबर लागलाय. बीमचे माउंट रबरीच ठेवायचे की सॉलिड टाकायचे असं तो विचारत होता, काय सांगू?

तेलकट_हात
रबरीच, कंपनीचे. सॉलिड ट्रॅकवर जाणाऱ्यांसाठी. वर लिहिलंय ते मागच्या चाकांचं वळणं सॉलिडने निघून जातं, आणि त्याचेच तर पैसे दिलेत तुम्ही.

डबल_डेकर
आता तरी फोटो टाका!!